फवारणीची तारीख आणि तीन थिअऱ्या

पत्र:

मॅडम नमस्कार. मी तासगाव तालुक्यातला, वय २५. दोन वर्षं पुण्यात राहून यूपीएससीचा अभ्यास केला, पैसे संपले म्हणून आता घरी बसून करतोय. आमची दोन एकर द्राक्षबाग आहे, सुपर सोनाका जातीची. यंदा अगदी शेवटी मिलीबग (पिठ्या ढेकूण) आला म्हणून आप्पांनी (माझे वडील) एक फवारणी घेतली, लेबलवर पीएचआय (फवारणीनंतर तोडणीआधी थांबायचे दिवस) २१ दिवस लिहिलाय आणि आज ९ वा दिवस आहे. व्यापाऱ्याचा सौदा झालाय, तीन दिवसांनी माल तोडायचाय. तो माल मोठ्या शहरातल्या मॉलला देतो म्हणून त्याला फवारणीच्या नोंदवहीची झेरॉक्स लागते, आणि नोंदवही माझ्या अक्षरात आहे. आप्पा म्हणतात तारीख दहा दिवस मागं घाल, "समदी असंच करत्यात, द्राक्षं खाऊन कोण मेलंय आजवर?" सोसायटीचं कर्ज आहे, ट्रॅक्टरचा हप्ता आहे, वैशाखात बहिणीचं लग्न आहे आणि त्यात पावसाचा अंदाज, पाऊस झाला तर मणी तडकून सगळंच जाईल. मी एथिक्सच्या पेपरचं वाचलेलं लावून बघितलं. उपयुक्ततावाद (ज्याने एकूण जास्त भलं होतं ते बरोबर) म्हणतो घर वाचतंय तर बदल, जर्मन तत्त्वज्ञ कांट म्हणतो खोटं नको, अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो चांगला माणूस करेल ते कर, पण मग चांगला मुलगा की चांगला नागरिक? तीन पुस्तकं, तीन उत्तरं. मग बरोबर-चूक असं काही असतं का, की जे पुस्तक उघडलं ते खरं? दोन दिवस झाले आप्पा आणि मी बोलत नाही.

उत्तर:

तुझं पत्र काल रात्री वाचलं आणि तुझ्या हातात तीनच दिवस आहेत म्हणून बाकीची पत्रं बाजूला ठेवून सकाळी चहाच्या आधीच लिहायला बसलेय. आधी उत्तर सांगून टाकते म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला लागणार नाही. तारीख बदलू नकोस. आणि आप्पांशी आज संध्याकाळच्या आत बोल. ह्यातलं दुसरं जास्त अवघड आहे हे मला कळतंय, त्याच्याकडे येतेच.

मी सांगलीत तीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं आणि दर वर्षी वर्गातलं एक तरी पोरगं हाच प्रश्न घेऊन यायचं, मॅडम हे तिघं तीन सांगतात म्हणजे खरं काहीच नाही ना? मी विचारायचे, तीन डॉक्टरांनी तीन औषधं लिहून दिली तर पेशंटला ताप नाहीच असं म्हणतोस का? ते पोरगं गप्प व्हायचं पण त्याचं समाधान व्हायचं नाही हे मला दिसायचं, आणि तुझंही होणार नाही, म्हणून नीट सांगते. तुझ्या बाबतीत तिघांनी तीन सांगितलेलंच नाही बाळा. त्यातल्या एकाला तू अर्धाच प्रश्न विचारलास.

तुझा उपयुक्ततावादाचा हिशोब बघ. त्यात माणसं कोण कोण धरलीस? आप्पा, आई, तू, बहीण, व्यापारी, फार तर तोडणीला येणाऱ्या बायका. द्राक्ष खाणारं एकही माणूस त्यात नाही! जेरेमी बेंथम ह्या इंग्रज तत्त्वज्ञाने १७८९ साली हा विचार पुस्तकात मांडला तेव्हा त्याचा सगळा जोर ह्यावरच होता की ज्याच्या ज्याच्यावर परिणाम होतो ते प्रत्येक माणूस मोजायचं, आणि बेंथमचं म्हणून पुढच्या पिढीतल्या जॉन स्टुअर्ट मिलने जे सूत्र नोंदवून ठेवलंय त्याचा अर्थच असा की प्रत्येकाला एक धरा, कोणालाही एकापेक्षा जास्त धरू नका. राजा असला तरी एक आणि रस्त्यावरचा असला तरी एक. त्या काळात हे म्हणायला केवढी छाती लागली असेल! आपल्या घराचं सुख मोजून तिथंच थांबलं तर तो उपयुक्ततावाद होत नाही, ती फक्त घरची सोय होते, आणि परीक्षेत हजारो मुलं हीच चूक करतात असं मला पेपर वाचताना सतत वाटत आलंय.

आता खरा हिशोब मांडू. दोन एकरात समजा वीस टन माल निघतो. मॉलमध्ये तो अर्ध्या किलोच्या डब्यात जातो, म्हणजे चाळीस हजार डबे. चाळीस हजार वेळा कोणीतरी ते झाकण उघडणार. केळं सोलून खातो, आंबा सोलून खातो, द्राक्ष सालासकट तोंडात जातं, आणि लहान पोरांना तर सगळ्यात जास्त आवडतं. औषध आंतरप्रवाही, म्हणजे झाडात आत भिनणारं, असेल तर नळाखाली धरून ते निघतही नाही. कोणी म्हणेल मग बेदाण्याला टाका, पण चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा होतो, त्यात पाणी उडतं, औषध सगळं उडेलच ह्याची काय खात्री.

इथं तू एक खरा मुद्दा काढू शकतोस आणि मी तो टाळणार नाही. तू म्हणशील, मॅडम, पीएचआय ठरवताना सुरक्षेसाठी बरंच अंतर राखून ठेवलेलं असतं, बाराव्या दिवशी तोडलेल्या मालाने एका माणसाला जो काही त्रास होईल तो इतका बारीक की त्याला कळणारही नाही, आणि आमचं नुकसान मात्र डोंगराएवढं. आप्पांचं "कोण मेलंय आजवर" ते हेच. ह्यावर मला सगळ्यात जास्त पटलेलं उत्तर डेरेक पार्फिट नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञाने १९८४ साली दिलंय. तो म्हणतो कल्पना करा, हजार छळणारे आहेत आणि हजार कैदी बांधलेत. आधी प्रत्येक जण एकेका कैद्याच्या यंत्राची खुंटी हजार वेळा फिरवायचा आणि कैदी तळमळायचा. मग त्यांनी पद्धत बदलली. आता प्रत्येक जण एकच बटण दाबतो आणि त्याने सगळ्या हजार कैद्यांची खुंटी फक्त एकदा, जाणवणारही नाही इतकी फिरते. संध्याकाळपर्यंत कैदी तेवढेच तळमळतात, पण प्रत्येक छळणारा म्हणू शकतो, माझ्या एका बटणाने कोणालाच काही कळलं नाही. मग अपराध कोणाचा? पार्फिटचं म्हणणं असं की "माझ्या एकट्यामुळे काय फरक पडला" हा प्रश्नच अपुरा आहे, आपण सगळे मिळून काय करतोय हेही मोजावं लागतं. आता आप्पांचंच वाक्य पुन्हा वाच. समदी असंच करत्यात. ते आप्पा बचाव म्हणून बोलले, पण हिशोबात ते उलट्या बाजूला जातं, कारण समदी करत असतील तर ते पोरगं एका बागेचं औषध खात नाहीये, द्राक्ष तुमचं, वांगं दुसऱ्याचं, कोबी तिसऱ्याचा, सगळ्यांचं थोडं थोडं एकाच पोटात.

शिवाय नोंदवहीचं काय होतं ते बघ. उपयुक्ततावाद्यांतच एक गट म्हणतो की एकेक कृती मोजत बसू नका, कुठला नियम सगळ्यांनी पाळला तर एकूण भलं होईल ते बघा. आपल्या भागाला हे पुस्तकातून शिकायची गरज नाही. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराईड ह्या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाचे अंश सापडले म्हणून आपली द्राक्षं युरोपात अडकली, तेव्हा फटका अख्ख्या द्राक्षपट्ट्याला बसला, कोणाच्या बागेत किती होतं हे बघून गिऱ्हाइकाने कोणाला वेगळं काढलं नाही. भरवसा हा नदीच्या पाण्यासारखा सगळ्यांचा मिळून असतो, वरच्या गावाने घाण केली की खालच्याला प्यावी लागते.

म्हणजे नीट मोजलं तर उपयुक्ततावादही "बदल" म्हणत नाही.

कांटचं तू बरोबर लिहिलंस, पण "खोटं नको" एवढंच पाठ केलंस असं वाटलं, कारण तसं का ते लिहिलेलं नाही. १७८५ च्या त्याच्या पुस्तकात दोन कसोट्या आहेत ज्या तुझ्या नोंदवहीला थेट लागतात. एक, तू जे करतोयस ते सगळ्यांनी केलं तर ते चालेल का? सगळ्यांनी तारखा मागं घातल्या तर व्यापारी झेरॉक्स मागायचंच बंद करेल, कारण त्या कागदाला अर्थच उरणार नाही. तुझी खोटी तारीख चालते ती बाकीचे काही शेतकरी खरी लिहितात म्हणून, त्यांच्या खरेपणावर तू फुकट जगतोस. दुसरी कसोटी मला जास्त जवळची वाटते, माणसाला नुसतं साधन म्हणून वापरू नको. डबा विकत घेणाऱ्या बाईला विचारलं असतं की ताई हा माल नऊ दिवस लवकर तोडलाय, घेता का, तर ती हो म्हणाली असती किंवा नाही म्हणाली असती, पण ते तिने ठरवलं असतं. तारीख बदलून तू तिचं ठरवणंच काढून घेतोस.

कांटमध्ये एक दुकानदार येतो, अडाणी गिऱ्हाइकालाही तोच भाव लावणारा. पण तो तसा वागतो कारण नाव खराब झालं तर धंदा बुडेल. कांट म्हणतो वागणं बरोबर आहे, पण त्याला नैतिक मोल नाही. हे मुद्दाम सांगते कारण तू आप्पांना समजवायला जाशील तेव्हा पहिलं वाक्य "पकडलं गेलो तर?" हेच तोंडात येईल. त्याने सुरुवात करू नकोस. आप्पांनी आयुष्य बागेत घालवलंय, कोण पकडतं आणि कोण पकडत नाही हे त्यांना तुझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे, आणि त्या वादात तू हरशील.

पण कांटच्या सगळ्याच गोष्टी मी मानत नाही हेही सांगते. १७९७ मध्ये त्याने एक निबंध लिहिला, त्यात खुनी माणूस दारात येऊन विचारतो की तुझा मित्र घरात लपलाय का, आणि कांट म्हणतो तिथंही खोटं बोलायचं नाही. आपल्याकडे महाभारतात, कर्णपर्वात, नेमकी हीच गोष्ट आहे आणि निकाल नेमका उलटा. कौशिक नावाचा ब्राह्मण, कधीही खोटं बोलणार नाही असं व्रत घेतलेला. दरोडेखोरांच्या भीतीने काही माणसं रानात लपतात, दरोडेखोर येऊन कौशिकाला विचारतात, तो खरं सांगतो, माणसं मारली जातात, आणि कृष्ण अर्जुनाला सांगतो की कौशिक नरकात गेला. अर्जुन तेव्हा कुठल्या अवस्थेत होता? गांडीवाचा अपमान करणाऱ्याला मारीन ह्या आपल्या प्रतिज्ञेपायी तो सख्ख्या भावावर, युधिष्ठिरावर, तलवार घेऊन उठला होता. अशा वेळी ही गोष्ट सांगितलीय. मी कौशिकाच्या बाबतीत कृष्णाच्या बाजूने आहे.

मग तू म्हणशील, बघा, खोटं चालतं की. चालतं, पण कोणतं खोटं ते बघ ना. कौशिकाने बोलायला हवं होतं ते खोटं निरपराध माणसाला वाचवणारं होतं आणि ज्याला फसवायचं तो मारेकरी होता. तुझ्या नोंदवहीत फसतो तो निरपराध. दोन्हीला खोटंच म्हणतात म्हणून दोन्ही एका मापाची होत नाहीत, आणि नुसत्या नियमाला हा फरक दिसत नाही, हे कांटचं कच्चं अंग.

तुला ह्या भागातली एक गोष्ट सांगावीशी वाटते. आगरकर कराडजवळच्या टेंभूचे, जिथून आता उपसा योजनेचं पाणी आपल्या दुष्काळी भागात येतं तेच टेंभू. जन्म १८५६. टिळकही १८५६ चेच. दोघं डेक्कन कॉलेजचे दोस्त, आणि पुढं ज्यावर फाटलं त्याच्या मुळाशी थोडाफार तुझाच प्रश्न होता असं मला वाटतं. आगरकरांवर मिल आणि स्पेन्सर ह्या इंग्रज विचारवंतांची छाप, रूढी चांगली की वाईट हे ती माणसांचं काय करते त्यावरून ठरवा, विधवेचं दुःख मोजा, धर्मग्रंथ नंतर. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात गीतारहस्य लिहिलं, १९१५ साली ते छापून आलं, त्यात बेंथम-मिलच्या मताला पानंच्या पानं उत्तर दिलंय की नुसत्या बाहेरच्या परिणामावरून नीती ठरत नाही, करणाऱ्याची बुद्धी कशी आहे तेही बघावं लागतं. महाभारतातलं सोनेरी मुंगूस आठव, युधिष्ठिराच्या एवढ्या मोठ्या यज्ञात लोळूनही त्याचं उरलेलं अंग सोन्याचं झालं नाही, आणि उपाशी ब्राह्मणाने पाहुण्याला दिलेल्या सातूच्या पिठाच्या कणांनी अर्धं अंग सोन्याचं झालं होतं. परिणाम मोजला तर यज्ञात जेवलेली माणसं कितीतरी जास्त. मला दोघंही लागतात. दुसऱ्याचं दुःख मोजायला आगरकर लागतात, आणि मोजणारा मी कोण आहे, माझी वासना कुठं आहे, हे विचारायला टिळक. माझ्या वर्गात मुलं एकाची बाजू घेऊन दुसऱ्याला पाडायची, मला ते कधी आवडलं नाही.

आणि हे सगळे विचार शेवटी एकच सांगतात असंही मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. खरोखर फाटतं अशा जागा असतात. मी एक बघितलीय. २०१९ चा ऑगस्ट, सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आणि पाणी ५७ च्या वर गेलेलं. आम्ही गावभागात एका गच्चीवर दोन दिवस अडकलो होतो, आम्ही बरेच जण, त्यात दोन घरं सोडून राहणाऱ्या एका मुलाची म्हातारी आई. तो मुलगाच पोरांबरोबर बोट घेऊन आला. बोटीत जागा मोजकी. गच्चीवर एक नऊ महिन्यांची गरोदर बाई होती, एक डायलिसिसवाले काका होते, आणि दोन लेकरं घेऊन एक जण. त्याने त्यांना घेतलं आणि आईला म्हणाला, आई, पुढच्या खेपेला. पुढची खेप यायला अंधार झाला. आम्ही सगळे सुखरूप बाहेर आलो. बऱ्याच महिन्यांनी त्या आजी मला भाजी घेताना भेटल्या, मी म्हटलं, तुमच्या लेकाने काय काम केलं हो. त्या म्हणाल्या, त्यानं केलं ते बरोबरच केलं, पण तो दोर सुटताना मी बघितला ना, तो राग अजून जात नाही बघा.

मी ह्या वाक्याचा फार विचार केलाय. बेंथम त्या मुलाला शाबास म्हणेल. पण आजीचा राग चूक आहे असं मला म्हणवत नाही. लेक आईचं इतरांपेक्षा जास्त काहीतरी देणं लागतोच, ते दिलं गेलं नाही, आणि बरोबर करूनही ते उरतंच. द्रोणपर्वात "नरो वा कुंजरो वा" नंतर युधिष्ठिराचा रथ जमिनीपासून चार बोटं वर चालायचा तो खाली टेकला असं सांगितलंय. युद्ध जिंकायला ते लागलं असेल, पण रथ टेकला. त्यातून सुटका नाही.

हे ज्याने सगळ्यात साध्या भाषेत मांडलं तो तत्त्वज्ञ डब्ल्यू. डी. रॉस, १९३० चं पुस्तक. तो म्हणतो कर्तव्य एकच नसतं. दिलेला शब्द पाळणं, केलेल्या चुकीची भरपाई, उपकाराची जाण, न्याय, दुसऱ्याचं भलं करणं, स्वतःला सुधारणं, आणि कोणाला इजा न करणं. ह्यातलं प्रत्येक खरं असतं, प्रत्येकाचं वजन असतं, आणि प्रसंग बघून कुठलं जड ते ठरवावं लागतं, त्याचा तयार तक्ता नाही. तरी एक गोष्ट तो म्हणतो, इजा न करणं हे भलं करण्यापेक्षा साधारणपणे जड. आता तुझं कोडं ह्यात ठेव. आप्पांनी तुला दोन वर्षं पुण्यात ठेवलं, त्या उपकाराची जाण हे तुझं खरं कर्तव्य आहे. "चांगला मुलगा की चांगला नागरिक" असं तू लिहिलंस तेव्हा तुला हेच टोचत होतं. पण त्या उपकाराची फेड तिसऱ्याच माणसाच्या पोटातून करता येत नाही. तुझ्या खिशातून कर, तुझ्या कष्टातून कर, अभ्यासाचं एक वर्ष मागं टाकून कर. चाळीस हजार डबे तुझे नाहीत.

अ‍ॅरिस्टॉटलचं फार सांगत नाही, एवढंच की तो म्हणतो माणूस न्यायाने वागत वागत न्यायी होतो, सवयीने. तुला उद्या ज्या खुर्चीत बसायचंय तिथं रोज कोणीतरी येऊन म्हणणार, साहेब, तारीख जरा मागची घाला. प्रसंग बघून योग्य ते ठरवण्याचा जो गुण तो सांगतो त्याला आपल्याकडे छान शब्द आहे, तारतम्य. आणि तारतम्य म्हणजे मधला मार्ग काढून तारीख दहाऐवजी पाचच दिवस मागं घालणं नव्हे हे तुला कळतंच.

आता आप्पा. इथं मला एमी नावाच्या एका अकरा वर्षांच्या मुलीची आठवण होते. कॅरल गिलिगन ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईने १९८२ मध्ये तिच्याबद्दल लिहिलं. मुलांना एक कोडं घालायचे, हाइन्झ नावाच्या माणसाची बायको मरायला टेकलीय, औषध महाग आहे, दुकानदार कमी करत नाही, तर हाइन्झने चोरी करावी का? जेक नावाचा मुलगा लगेच म्हणतो करावी, जीव मालमत्तेपेक्षा मोठा. एमी मात्र म्हणते चोरीशिवाय दुसरा काही मार्ग असेल, पैसे उसने घेता येतील, दुकानदाराशी बसून बोलायला हवं. मुलांची नैतिक समज मोजायच्या जुन्या मोजपट्टीवर एमीला कमी मार्क पडले. गिलिगन म्हणाली, ती कमी पडली नाही, तिने प्रश्नच वेगळा बघितला, तिला माणसं एकमेकांना बांधलेली दिसली. तू जेकसारखा प्रश्न घेऊन बसलायस, बदलू की नको. दोन दिवस झाले, आणि ज्याच्याशी बोलायचं त्या एका माणसाशी तू बोलला नाहीस.

तर आज संध्याकाळी बोल. घरात नको, बागेत जा, मांडवाखाली. पहिलं वाक्य कांटचं नको आणि माझंही नको. पहिलं वाक्य असं काहीतरी, आप्पा, कर्ज किती राहिलंय ते मला सगळं सांगा. माझा अंदाज आहे की त्यांनी तुला पूर्ण आकडा कधी सांगितलेला नाही. तो माणूस घाबरलाय. घाबरलेल्या माणसाला नीतिशास्त्र ऐकवणं ही मला स्वतःला चूक वाटते, आधी त्याच्या भीतीत शेजारी जाऊन बसावं लागतं. मग सांग की तारीख मी बदलणार नाही, माझ्या हाताने होणार नाही. आणि मग लगेच, एक क्षण न थांबता, पुढच्या नऊ दिवसांचं बोल, कारण भांडण तारखेचं दिसत असलं तरी खरी अडचण त्या नऊ दिवसांची आहे. बाराव्या दिवसापासून एकविसाव्यापर्यंत माल झाडावर धरायचा कसा.

व्यापाऱ्याला फोन करून आप्पांनी स्वतः सांगावं, फवारणी उशिरा झाली, तोडणी नऊ दिवस पुढं घेऊ. गोडी थोडी वाढेल, वजन थोडं घटेल, भाव जरा तुटेलही. तो नाही म्हणेल कदाचित, पण मॉलला माल देणाऱ्याला सॅम्पल फेल जायची भीती आप्पांपेक्षा जास्त असते. दुसरं, उद्या सकाळीच मान्यताप्राप्त लॅबला सॅम्पल पाठव. पैसे जातील. पण अंश मर्यादेच्या आत आले तर खरी तारीख आणि सोबत रिपोर्ट असे दोन कागद व्यापाऱ्यासमोर ठेवता येतात, मग घ्यायचं की थांबायचं ते त्याने माहिती असताना ठरवावं. पावसाचं माझ्या हातात नाही आणि तुझ्याही नाही, पण आप्पांनी हवामान आधारित फळपीक विमा काढलाय का ते आज विचार, अवकाळी पाऊस त्यात धरलेला असतो. सोसायटीच्या सचिवाला हप्ता पुढं ढकलण्याबद्दल दोघं मिळून भेटा, एकटे आप्पा नको. आणि बहिणीशीही बोल. तिचं लग्न ह्या हिशोबात तुम्ही दोघं वापरताय आणि तिला कोणी विचारलेलंच नाही. मांडव लहान झालेला तिला कदाचित चालेल.

एक प्रश्न तू विचारला नाहीस पण तुझ्या मनात येणार. आप्पांनी ऐकलं नाही आणि स्वतःच दुसऱ्या वहीत लिहून दिलं तर? इथं सगळे एकमताने बोलत नाहीत. कोरडा हिशोब म्हणेल, आत्ताच गुपचूप व्यापाऱ्याला कळव. मी तसं सांगणार नाही. औषध असं असतं की खाल्ल्या खाल्ल्या माणूस आडवा पडेल, तर मी म्हटलं असतं पत्र वाचायचं सोड आणि आधी फोन लाव. इथं तसं नाही, अजून बोलायला जागा आहे, आणि बापाच्या पाठीमागून जाणं हे तुमच्या दोघांत कायमचं काहीतरी तोडेल. पण पाठीमागून नको म्हणजे गप्प बस असंही नाही. आप्पांना तोंडावर सांग, व्यापाऱ्याने मला विचारलं तर मी खरी तारीख सांगेन, आणि त्याने विचारलं नाही तरी माल गाडीत चढायच्या आधी तुमच्या समोर सांगेन. मी हे लिहिते तेव्हा मला ठाऊक आहे की त्या रात्री तुमच्या घरात जेवण कसं होईल. तरी हेच लिहीन.

सॅम्पल काढताना बांधाकडेच्या ओळीतले नको, सगळ्या बागेतून फिरून थोडं थोडं घे, वरचे, खालचे, सावलीतले घडही घे, नाहीतर रिपोर्ट चांगला येईल पण खरा नसेल. आकडा आला की मला कळव, आणि आप्पा काय म्हणाले तेही लिही.